पुलावरचं एकच दार

४ मार्च, सोमवार

प्रिय धाकटे,

शाळेचं फाटक अजून बंद असायचं आणि आपण दोघी बाहेर उभ्या असायचो, आठवतं? माझा गणवेश कडक इस्त्रीचा, तुझा एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. वेळेवर येणं म्हणजे उशीरच, असं सिस्टर म्हणायच्या. ते मी फार मनावर घेतलं होतं आणि तुला झोपेतून ओढत आणायचे. तू दप्तरावर बसून मधल्या सुट्टीचा डबा तिथेच उघडायचीस. एकदा तोंडात घास असतानाच म्हणालीस, "ताई, आपण लवकर आलो म्हणून शाळा लवकर भरणार आहे का?" मला उत्तर सुचलं नव्हतं. पुढे आयुष्यभर मोठमोठ्या लोकांना उत्तरं देण्याचा पगार घेतला, पण त्या प्रश्नाचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

मग फाटकवाले काका यायचे आणि मोठं फाटक न उघडता बाजूचं छोटं दार उघडायचे. त्यातून एका वेळी एकीनेच जावं एवढी जागा. आधी कोणी जायचं यावरून आपलं रोज वाजायचं. शेवटी समोरासमोर तोंडं करून, हात धरून, पोटं आत ओढून आपण एकदमच घुसायचो. काका म्हणायचे, "अगं, दार मोडाल."

फोन करू नकोस, असं तू बजावलं होतंस. पत्राबद्दल काही म्हणाली नव्हतीस. तेवढ्या फटीतून आत येते आहे. मुत्सद्द्यांना फटीच दिसतात, असं तू म्हणशील. म्हण.

मला भीती वाटते, धाकटे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. इथे हे कोणाला सांगायची सोय नाही. दूत घाबरला असं दिसलं की दोन्हीकडचे लोक सामान बांधायला लागतात. सकाळी चहाचा कप बशीत वाजायला लागला, तेव्हापासून मी बशी घेत नाही.

काम काय आहे ते सांगते. एक नदी आहे, तिच्यावर एक लांब पूल. अलीकडे शहरवाले, पलीकडे डोंगरवाले. शहराचं पाणी डोंगरातून येतं, ते डोंगरवाल्यांनी बंद केलंय. डोंगरातल्या आजाऱ्यांना इस्पितळ शहरातच आहे, तो रस्ता शहरवाल्यांनी बंद केलाय. सध्या तात्पुरता युद्धविराम आहे, तो पुढच्या शुक्रवारी संपतो. मी पांढऱ्या गाडीतून या टोकाचं म्हणणं त्या टोकाला नेते आणि तिकडचं इकडे आणते. जसं सांगितलं तसंच, एक शब्द मऊ न करता. शिवी दिली तर शिवीसुद्धा. आमची दुभाषी शिव्या फार सभ्य आवाजात सांगते, त्यामुळे त्या जास्तच लागतात.

शहरवाल्यांच्या प्रमुख एक वकीलबाई आहेत, माझ्याच वयाच्या, जिभेने तिखट. डोंगरवाल्यांच्या प्रमुखाला सगळे मास्तर म्हणतात. लढाईआधी ते खरोखरच शाळेत गणित शिकवायचे.

तू दारात उभी राहून डोंगरवाल्यांबद्दल जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "त्यांच्यातल्या कुणाचाही हात हातात घेतलास, तर तो हात घेऊन माझ्या घरी येऊ नकोस." म्हणून जाताना मी एका हातात फाइल धरते आणि दुसऱ्यात चष्म्याचं घर. हात मोकळा नसला की मिळवावा लागत नाही. मास्तरांशी नाही, तर मग वकीलबाईंशीही नाही. दूताला डावंउजवं करून चालत नाही. इथल्या लोकांना वाटतं ही माझी पद्धत आहे. दुभाषी तर नव्या आलेल्यांना कौतुकाने सांगते, मॅडम दोघांनाही सारखं अंतर देतात.

परवा, बुधवारी, दोन्ही बाजू पहिल्यांदा एका खोलीत बसणार आहेत. पुलाच्या मधोमध एक जुनी चौकी आहे, तिला दोन्ही टोकांकडे एकेक दार आहे. पाणीपुरवठ्याचा भोंगा वाजला की दोघांनी आपापल्या टोकावरून निघायचं आणि आपापल्या दारातून एकाच वेळी आत यायचं. आधी पोचला तो गरजू, असा इथला हिशोब आहे. भोंग्याआधी पुलावर कोणीही पाय ठेवायचा नाही.

मास्तर म्हणाले, मॅडम माझ्या टोकापासून माझ्याबरोबर चालल्या तरच मी निघेन. म्हणून मंगळवारी मी पलीकडच्या काठावर मुक्कामाला जाते आहे.

तू इतकी वर्षं मला उशिराबद्दल बोलू दिलंस. परवा भोंगा वाजेल तेव्हा तू वेळेवर उठलेली असशील का, असा वेडा विचार मनात येतो.

तुझी,
ताई


७ मार्च, गुरुवार

धाकटे,

मी बरी आहे. अंगावर एक ओरखडासुद्धा नाही. ड्रायव्हरभाऊ इस्पितळात आहेत.

अक्षर वाईट येतं आहे, चालवून घे.

काल काय झालं ते सांगते. मंगळवारी चौकीत खुर्च्या मांडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एका बाजूच्या खुर्चीला हात आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीला नाहीत. तुला हसू येईल, पण आमच्या धंद्यात यावरून बैठका मोडतात. हात असलेली खुर्ची म्हणजे यजमान, नसलेली म्हणजे याचक. रात्रभर ती खुर्ची डोळ्यांपुढे होती. सकाळी मास्तरांच्या ठाण्यातून तशीच एक हातांची खुर्ची मागून घेतली आणि भोंग्याआधी ड्रायव्हरभाऊंना म्हटलं, चला, ही टाकून पटकन परत येऊ.

भाऊ म्हणाले, "मॅडम, तुम्ही सिनेमाला पडदा लावायच्या आधी जाऊन बसत असाल." पण गाडी काढली. खुर्ची गाडीच्या टपावर बांधली, दोन दोऱ्यांनी.

शहरच्या टोकावरच्या पहारेकऱ्याला काय दिसलं? भोंग्याच्या आधी डोंगराच्या बाजूने एक गाडी येते आहे, तिच्या टपावर चार पाय वर करून काहीतरी बांधलेलं आहे, आणि माणसं उतरून चौकीत शिरताहेत. पांढरा झेंडा त्या खुर्चीच्या मागे झाकला गेला होता. त्याला वाटलं, डोंगरवाले चौकी बळकावताहेत. त्याने गोळी झाडली.

पहिली गोळी खुर्चीला लागली, दुसरी भाऊंच्या दंडाला. मी खाली पडले की मला कोणी खाली ओढलं ते आठवत नाही. तोंडात धूळ होती आणि मी शाळेतली प्रार्थना म्हणत होते, तीही अर्धवट, कारण दुसरं कडवं आठवेना. मग डोंगराकडून तोफगोळा आला. तो कुणालाही लागला नाही, पण चौकीचं शहराकडचं दार आणि त्याच्यावरची भिंत आत कोसळली. आम्ही डोंगराकडच्या दारातून सरपटत बाहेर आलो. भाऊंनी दुखरा हात पोटाशी धरला होता आणि मला म्हणत होते, "मॅडम, डोकं खाली. डोकं खाली." त्यांना गोळी लागली होती आणि काळजी माझ्या डोक्याची.

त्यांना शहरातल्या इस्पितळात न्यायला वकीलबाईंनी स्वतःची गाडी पाठवली. हात राहील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. त्यांची बायको बाकावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने सरकून जागा दिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मुख्यालयातून फोन आला. परत यायची मोकळीक आहे, कोणीही नावं ठेवणार नाही, असं म्हणाले. ते इतक्या प्रेमाने म्हणाले की मला कळलं, नावं ठेवून झालेली आहेत.

कपडे बॅगेत भरलेत. बॅग पलंगावर उघडी आहे, आणि मी मोरीत बसून लिहिते आहे, कारण मोरीला खिडकी नाही. आपण लवकर आलो म्हणून शाळा लवकर भरते का, धाकटे? नाही भरत. काल मला उत्तर मिळालं.

ताई


१० मार्च, रविवार

धाकटे,

अजून इथेच आहे. बॅग अजून उघडीच आहे. रोज काहीतरी काढते आणि काहीतरी भरते.

का गेले नाही, ते नीट सांगता येत नाही. शुक्रवारी सकाळी टॅक्सी सांगितली होती. हॉटेलच्या मागच्या नळावर शहरातल्या बायका कॅन घेऊन उभ्या असतात. एक बाई दोन कॅनच्या मधे बसून पोराच्या डोक्याला तेल लावत होती, नळाला पाणी नव्हतंच, तरी. मी पोर्चमध्ये बॅग घेऊन उभी होते. तिने माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत तेल लावायला लागली. टॅक्सी आली तेव्हा मी तीतून इस्पितळात गेले.

भाऊंचा हात वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. बोटं अजून हलत नाहीत.

एक गोष्ट चांगली घडली. दोन्हीकडचे लोक इतके घाबरलेत की शुक्रवारीच दोघांनीही निरोप दिला, पुन्हा भेटू. युद्धविराम संपायच्या आत. पण चौकीशिवाय दोघांना चालेल अशी दुसरी जागा नाही, आणि चौकीला आता एकच दार उरलंय. कोसळलेली भिंत उपसली तर छप्पर खाली येईल, असं इंजिनिअर सांगतात. मग एका दारातून आधी कोणी जायचं? त्यावर दोन दिवस गेले. मी नुसती ये-जा करत होते. पुलावर गाडी चढली की मी आपोआप डोकं खाली घालते. नवा ड्रायव्हर बोलत नाही. मला भाऊंच्या टोमण्यांची सवय झाली होती.

आज दुपारी अगदी थकून मी त्यांना आपल्या शाळेच्या छोट्या दाराची गोष्ट सांगितली. दुसऱ्या कुणाचा निरोप नव्हता, माझंच बोलणं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आधी वकीलबाईंना सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या बाकावर बसणाऱ्या, हे मला वाटलंच होतं. तुमची धाकटी मला जास्त आवडली असती." मग पलीकडे जाऊन मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, त्यांच्या वर्गात दोन भाऊ असेच यायचे.

पण मास्तर वकीलबाईंचा हात धरणार नाहीत, आणि त्या त्यांचा. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, एकच उत्तर पाठवलं. "तुमचा धरू." मी मधे, ते दोघं दोन बाजूंना, तिघांनी एकदम आत जायचं. दार दोन झडपांचं आहे. मी जरा तिरकी झाले तर मावतो.

दुभाषीने हे वाक्य सांगितलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. एकात फाइल होती, दुसऱ्यात चष्म्याचं घर.

मी म्हटलं, विचार करून सांगते. नंतर मास्तरांशी दोन शब्द बोलले. विशेष काही नाही.

मला तुझ्या घराचं दार दिसतं सारखं. त्याचं निळं पायपुसणं. गुंड्या बूट न काढता त्याच्यावरून आत धावायचा आणि तू ओरडायचीस. तो मला "मावशी, मी आलो" म्हणायचा, नेहमी सांगितलेल्या वेळेच्या आधी. तू म्हणायचीस, पोरगं माझं आणि वळणावर गेलंय तुझ्या.

ताई


१३ मार्च, बुधवार

प्रिय धाकटे,

भोंगा वाजायला अजून वेळ आहे. आज मी खोलीतच बसून आहे. निघायची वेळ होईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं ठरवलंय.

रविवारी मी तुला खोटं लिहिलं. विशेष काही नाही, असं लिहिलं. तुला समोर पाहून मी हे कधीच सांगू शकणार नाही, म्हणून आत्ता सांगते.

आणखीही एक लपवलं होतं. गुंड्याचा औषधांचा ट्रक जिथे अडवला आणि गुंड्या मारला गेला, तो नाका याच पुलाच्या डोंगराकडच्या टोकाला आहे. मी रोज त्याच्यावरून जाते. तिथे रस्त्याच्या कडेला एक पिंप उभं आहे आणि त्याच्यावर पांढरा पट्टा आहे. दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी वाटलं होतं, काहीतरी दिसेल.

रविवारी बाकीचे गेल्यावर मी मास्तरांना थांबायला सांगितलं. काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तुमच्या हातात फाइल का असते. आत एकही कागद नसतो, हेही माहीत आहे." नेमणुकीच्या वेळी मी मुख्यालयाला सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी दोन्हीकडे कळवलं होतं. तरी हा माणूस इतके दिवस गप्प राहिला, आणि मी खुर्चीत बसले की पाण्याचा पेला माझ्या हाताशी न देता टेबलावर ठेवत राहिला.

मी विचारलं, त्या दिवशी काय झालं. दुभाषीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, विचारू ना, असं. मी मान हलवली.

ते म्हणाले, "गाडी अडवणारी माणसं माझी होती. सोडायची, असा हुकूम होता. हुकूम नाक्यावर पोचायच्या आत ट्रक पोचला. तो दिलेल्या वेळेच्या आधी आला होता."

धाकटे, मी हे लिहू नये असं मला फार वाटत होतं. वेळेआधी आला. कोणी शिकवलं त्याला? तू तर त्याला म्हणायचीस, रस्त्यात चहा पी, जग कुठे पळून चाललंय.

लवकर येणाऱ्याला गोळी घालायची नसते, हे मला कळतं. गोळी ज्यांनी घातली त्यांनीच घातली. मास्तरांनीही सबब सांगितली नाही. म्हणाले, "ती माणसं कोण, हे मी टेबलावर बसल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर मी टेबलापर्यंत जिवंत पोचणार नाही." मी त्यांना माफ केलेलं नाही. माफी माझ्याकडे मागूही नये, असं त्यांना सांगितलं. तो अधिकार तुझा आहे, आणि तू तो वापरावास अशी माझी काही इच्छा नाही.

पण आज मी तो हात धरणार आहे.

तुला पटावं म्हणून लिहीत नाही. मी खूप प्रयत्न केला, दुसरं काही सुचतं का ते पाहिलं. हातमोजे घालावेत असंसुद्धा मनात आलं. दुभाषीला विचारलं, रुमालाचं एकेक टोक धरलं तर? ती म्हणाली, "मॅडम, दुर्बिणीतून रुमाल दिसणार नाही. हात दिसायला हवेत." ते खरं आहे. दोन्ही काठांवर बंदुका आहेत, आणि दोन्हीकडे असे लोक आहेत ज्यांना आजची बैठक नकोच आहे. त्यांना नेम धरायचा तर मधे मी येते. म्हणूनच दोघांना माझे हात हवेत. मला ते पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. हातांना दरदरून घाम येतो आहे. पदराला पुसते आणि पुन्हा येतो. मास्तरांना तो कळेल. कळू दे.

ही सगळी पत्रं मी टाकलेली नव्हती. आता चारही दुभाषीच्या हवाली करते. मी परत आले तरी टाकायची, असं तिला बजावून ठेवलंय. म्हणजे हात धरला हे तुझ्यापासून लपवायची मला सोयच उरणार नाही.

आता देण्याघेण्याचं. मी आले तर हे वाचून हस, आणि नाही आले तर एवढं कर.

माझी पायाची शिवणमशीन ड्रायव्हरभाऊंच्या बायकोला पाठव. ती इस्पितळात बसून हाताने शिवते, तिचा टाका फार सुरेख आहे. मशीनच्या चाकाचा पट्टा बदलायला झालाय, तेवढा बदलून दे.

राखाडी शाल दुभाषीला. तिला सतत थंडी वाजते आणि ती मागत नाही. शाल आत्ताच तिच्या खांद्यावर टाकली असती, पण मग ती रडली असती आणि तिला आज आवाज स्वच्छ हवा आहे.

वकीलबाईंना आपल्या दोघींचा शाळेतला फोटो दाखव, दे मात्र नकोस. त्यांना तुझा घसरलेला मोजा पाहायचा आहे.

गुंड्याचा निळा मफलर माझ्याकडे आहे. त्या सुट्टीत तो माझ्याकडे विसरला आणि मी तुला कधी कळवलं नाही. तो तुझा. धुतलेला नाही.

फाइल कुणालाच नको. रिकामी आहे.

मास्तरांना माझ्याकडून काहीही द्यायचं नाही. आज हात देते आहे, तेवढं पुरे.

आणि माझं मनगटी घड्याळ तुला. शाळेपासून मी प्रत्येक घड्याळ पुढे लावत आले, हे तुला ठाऊक आहे. आज सकाळी भोंग्याच्या माणसाला विचारून ते बरोबर लावलं. आता त्याला हात लावू नकोस.

मी आले तर तुझ्या फाटकाशी येऊन उभी राहीन. तू लगेच दार उघडायची गरज नाही. हवा तेवढा वेळ घे. मला थांबायची सवय आहे.

तुझी,
ताई